रामदुर्गाकडचे सात दगड

उचगाव ते गोकाक

गिरणीच्या दगडांना टाकी लावण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. पण दगड बघायला म्हणून माणसं एसटीत बसून परराज्यात जातात, हे मला यंदा संक्रांतीनंतर कळलं.

कोल्हापूरजवळ उचगावात आमची पिठाची गिरणी आहे. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडसर आणि गरम पडायला लागतं. मग छिन्नीनं बारीक बारीक घाव घालून दगड पुन्हा खरखरीत करावा लागतो. त्यालाच टाकी लावणं म्हणतात. दळायचं काम मालक, म्हणजे माझे यजमान, करतात, कारण दळणाला आलेल्या माणसांशी बोलावं लागतं. टाकी मी लावते. दगडाशी बोलावं लागत नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून माझं बोलणं कमीच.

मीनल माझी सून. ती भूशास्त्र शिकते. दगड किती जुने, ते कसे झाले, कसे वाकले आणि मोडले, याचं ते शास्त्र. यंदा तिचं शेवटचं वर्ष. वर्गातली सगळी कर्नाटकात रामदुर्गाकडं जाऊन आली तेव्हा ही टायफॉईडनं अंथरुणावर होती. तिच्या अहवालाला तिथल्या सात ठिकाणचे सात दगड लागतात. ते नसतील तर अहवाल घेता येणार नाही आणि वर्ष जाईल, असं तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या मुलाला कारखान्यातून रजा मिळेना. मीनलची धाकटी मावशी तिकडच्याच एका खेड्यात राहते, त्यामुळं मुक्कामाची काळजी नव्हती. बरोबर कुणी जायचं एवढंच राहिलं होतं.

मालक म्हणाले, "तू जा की. तुला दगडांची भीती न्हाय, माणसांची हाय. तिकडं डोंगरात माणसं न्हाईत."

दळणाच्या रांगेत बातमी फुटली. "दगड बघायला कर्नाटकात? पन्हाळ्यावरचे संपले व्हय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "अगं, सून सासूला डोंगरात सोडून यायला निघाली असंल!" मी खाली मान घालून पिशव्यांची तोंडं बांधत राहिले. मीनलच हसत म्हणाली, "पन्हाळ्याचे लई तरणे हायत, काकी. मला म्हातारे पायजेत."

एसटीत मी तिला हळूच विचारलं, "खरंच पन्हाळ्याचा दगड तरणा आहे?"

"सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. तापलेला रस जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. आपला काळा दगड म्हणजे तेच थर. आपण जातोय तिथले शंभर कोटींच्या वरचे आहेत."

सहा कोटी वर्षांच्याला तरणा म्हणायचं, तर मी कोण? पण हे मी बोलले नाही. विचारलं वेगळंच. "कुठला आधीचा ते कसं कळतं?"

"खालचा आधीचा, वरचा नंतरचा. पहिला नियम हाच."

हे मला चांगलंच कळलं. गिरणीच्या माळ्यावर धूळ बसते. दिवाळीचं बेसन खाली, त्यावर थंडीतली बाजरी. मी तसं म्हटल्यावर मीनल म्हणाली, "बरं, त्यातनं उंदीर बोगदा करून गेला तर?"

"तर उंदीर बाजरीच्या नंतरचा."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. "आत्या, दगडातल्या भेगांचं हेच आम्हाला परीक्षेत विचारतात!" आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात.

पण आधी-नंतर कळलं म्हणून कोटीचा आकडा कसा येतो? त्यासाठी तिनं निपाणीच्या स्टँडवर कागदात गुंडाळलेल्या लिमलेटच्या सोळा गोळ्या घेतल्या. नियम असा, की दर अर्ध्या तासानं पिशवीत असतील त्याच्या निम्म्या खायच्या आणि कागद पिशवीतच ठेवायचे. सोळाच्या आठ, आठाच्या चार, चाराच्या दोन. "आता मधेच कुणी येऊन पिशवी उघडली," ती म्हणाली, "आणि त्याला दोन गोळ्या आणि चौदा कागद सापडले, तर आपण किती वेळ खातोय?"

मी बोटांवर मोजलं. "दीड तास."

"घड्याळ न बघता! दगडातल्या एका बारीक कणात एक धातू असाच दुसऱ्या धातूत बदलत जातो, ठरलेल्या चालीनं. उरला किती, बदलला किती, ते मोजलं की वय निघतं."

"आणि कुणी कागद खिडकीतनं बाहेर टाकले तर?"

मीनल माझ्याकडं बघतच राहिली. "तर दगड आहे त्याहून तरणा दिसतो. आणि तसं खरंच होतं. आत्या, तुम्ही चौथीनंतर शाळा का सोडली हो?" मी लाजून पदर तोंडाला लावला. आणि त्या चौदा गोळ्यांनी दोघींच्या जिभा सोलल्या होत्या, त्यामुळं पुढचा अर्धा तास आम्ही गप्पच होतो.

गोकाकचा धबधबा बघायला उतरलो, तर धबधब्याला पाणी नाही! जानेवारीत नसतंच म्हणे. कड्यावर फोटो काढायला आलेली माणसं नाराज होती आणि मीनल टाळ्या पिटत होती, कारण उघडा कडा बघायला मिळाला. इथं आपला काळा दगड संपलेला. गुलाबीसर, वाळूचा दगड, वहीची पानं एकावर एक ठेवावीत तसा. एका फरशीवर नागमोडी वळ्या उठलेल्या होत्या. मी हात फिरवला. नृसिंहवाडीला पाणी ओसरल्यावर संगमाच्या वाळूवर अशाच वळ्या दिसतात, त्यावरून चालताना तळव्यांना गुदगुल्या होतात. "पाण्यानंच केल्यात," मीनल म्हणाली. "वळ्यांची टोकं वर असतात, त्यावरून थराची वरची बाजू कोणती तेही कळतं. कधी कधी अख्खे थर उलटेपालटे झालेले असतात ना, तेव्हा उपयोग होतो."

डोंगर उलटेपालटे होतात हे ऐकून मी कड्यापासून दोन पावलं मागं सरकले. मग आम्ही कर्दंट घेतलं. डिंक, सुकं खोबरं, काजू, बदाम, गूळ. आमच्या बाळंतिणीच्या लाडवाचंच भावंड, फक्त इथं ते बाळंत न होता खायला मिळतं.

चिकव्वाचं घर

मावशीला तिकडं चिकव्वा म्हणतात. मीनलची चिकव्वा म्हणजे इरकली लुगडं, रुंद कपाळ आणि पार गावाच्या वेशीपर्यंत पोचेल असा आवाज. "बर्री, बर्री, आत बर्री!" म्हणत तिनं माझी पिशवी हिसकावूनच घेतली. मी सोबत आमची लाल चटणी नेली होती. तिनं बोटभर चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "हे जेवण हाय का भांडण हाय?" मग मला तिची शेंगदाण्याची चटणी वाढली, त्यावर दह्याची कवडी. आमच्याकडं पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा. इथं वांगं, मोड आलेल्या कडधान्याची पालेभाजी घालून उसळ, चटण्याच चार प्रकारच्या, आणि आग्रह असा की नको म्हणायला तोंड रिकामं मिळत नाही.

ज्वारीच्या भाकरी दोन तऱ्हेच्या होत्या. एक तव्यावरची मऊ, दुसरी वाळवून कडक केलेली, महिनाभर टिकणारी. जेवताना मी माझी शंका काढली. दगड वाकतो असं मीनल म्हणते, पण मी आजवर एकही वाकलेला पाहिला नाही. टाकीचा घाव चुकला की कोपरा उडतोच.

मीनलनं मऊ भाकरीची घडी घातली आणि कडक भाकरीचा तुकडा कटकन मोडला. "पीठ एकच ना? वरवर, थंडीत, घाईनं दाबला तर दगड मोडतो. खूप खोल, उष्णतेत, वरून डोंगराचं ओझं आणि लाखो वर्षं सावकाश दाब, मग तोच वाकतो."

"आमच्या घरच्यांसारखा," चिकव्वा म्हणाली. "मीपण तीस वर्षं सावकाशच दाबलं."

तिचे यजमान ओट्यावर ताक पीत होते. त्यांनी आणखी ताक मागितलं.

डोंगर

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीच डोंगराला गेलो. गावापासून चालत तासभर. वाटेत मेंढरं, काटेरी झुडपं आणि मग ओढ्याच्या वळणावर एकदम तो कडा समोर आला.

कड्याच्या खालच्या अंगाला दगडाचे थर उभे होते. आडवे नव्हेत, उभे. कपाटात पुस्तकं ठेवावीत तसे. आणि त्यांच्या डोक्यावर, जणू कुणी माथे कापून सपाट केले असावेत अशा रेघेवर, दुसरे थर शांतपणे आडवे झोपले होते.

"आता तुम्ही सांगा काय झालं असंल," मीनल म्हणाली.

मी बराच वेळ बघितलं. इथं हसायला कुणी नव्हतं, म्हणून बोलले. "उभे आहेत ते पण आधी आडवेच असणार. वाळू आडवीच बसते. मग कशानं तरी बाजूनं रेटा दिला, ते उभे झाले. मग वरून झिजले, सपाट झाले. मग त्यावर पुन्हा वाळू बसली."

मीनलनं मला मिठीच मारली. मग तिनं माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. खाली उभा दगड, वर आडवा. "थर दुमडायचा, वर यायचा आणि झिजून सपाट व्हायचा सगळा काळ या रेघेत आहे. कोट्यवधी वर्षं. इथं त्याचा एकही दगड उरलेला नाही." रेघ माझ्या नखाएवढी रुंद होती. मी बोट उचललं तेव्हा सवयीनं हात जोडले गेले.

मग ती कामाला लागली. उन्हाचा ताप झाला म्हणून तिनं मला चिंचेखाली बसवलं आणि स्वतः उभ्या आणि वाकलेल्या थरांवर एकेका ठिकाणी जाऊन छिन्नी-हातोड्यानं दगड काढू लागली. तिचा मार्कर पहिल्याच दगडाला वाळून गेला. मार्करचा भरवसा नव्हता म्हणून चिकव्वानं भिंतीसाठी भिजवलेला गेरू तिनं सकाळीच डबीत घेतला होता, ती डबी तिनं पिशवीतून काढली आणि काडी बुडवून दगडांवर काही लावू लागली. मी लांबून बघत होते. दगड, छिन्नी, गेरू. मला सगळं ओळखीचं वाटलं आणि मी काही विचारलं नाही.

आता गिरणीतली गोष्ट सांगते. टाकी लावण्याआधी आम्ही दगडावर गेरू फासतो आणि सरळ पट्टी फिरवतो. उंचवट्यावरचा गेरू पुसला जातो, तिथं घाव घालायचे. काम झालं की गेरू आणि दगडाची कच काथ्यानं घासून, धुऊन काढायची. न धुता दगड ठेवला तर पिठात कच उतरते आणि लोकांच्या दातांखाली येते. अठ्ठावीस वर्षांत मी गेरू लागलेला दगड तसाच ठेवलेला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मीनल अंघोळीला गेली. सात दगड ओट्यावर पडले होते. मला वाटलं, पोर दिवसभर राबलीय, एवढं तरी आपण करावं. विहिरीचं पाणी घेतलं, राख घेतली, काथ्या घेतला. सातही दगड असे लख्ख केले की चिकव्वा म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवण्यासारखे झाले!"

मीनल बाहेर आली, तिनं ओट्याकडं बघितलं आणि खाली बसली.

"आत्या, धुतले?"

"सगळे. एक डागपण राहिला न्हाय."

तिनं एक दगड उचलून सगळीकडून फिरवून बघितला. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. चिकव्वा म्हणाली, "धुतले तर काय बिघडलं? दगड हायत का साखर?"

मग मीनलनं सांगितलं. दगड जागेवर असतानाच त्यावर होकायंत्र ठेवून उत्तर कुठं आणि वर कुठं याच्या खुणा तिनं केल्या होत्या, आणि आकडे घातले होते. कॉलेजात त्यांच्या पातळ चकत्या कापून आतले वाळूचे कण बघायचे. दाबानं ते चपटे झाले असतील. कुठल्या दिशेला चपटे झाले त्यावरून डोंगराला कुठून रेटा बसला ते निघणार. तेच तिच्या अहवालाचं काम. खूण गेली की तो दगड म्हणजे नुसता दगड. आणि उद्या दुपारी तीनला आमची परतीची गाडी, आणि परवा ते दगड सरांना द्यायचे.

"मी नवीन सात काढू का उद्या? एवढ्या वेळात होणार न्हाईत," ती म्हणाली. त्या दिवशी सात काढायला तिला संध्याकाळ झाली होती.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण दगड माझ्या हातात होते आणि हाताला काहीतरी कळत होतं. मी म्हटलं, "मला उद्या परत तिथं ने."

"कशाला, आत्या?"

"मोडलेला दगड आपल्या जागेवर एकाच तऱ्हेनं बसतो. मी बसवते. मग तू खुणा कर."

चिकव्वानं नातीची नखपॉलिशची बाटली आणून मीनलच्या हातात ठेवली. "आता यानं लिव. हे तुझ्या सासूच्या बापालापण निघणार न्हाय."

पुन्हा डोंगर

उजाडताच निघालो. जागा मीनलच्या वहीत होत्याच. ज्या खोबणीतून दगड निघाले होते त्या ताज्या, पांढऱ्या दिसत होत्या. अडचण एवढीच, की कुठल्या खोबणीचा कुठला दगड, आणि कुठलं अंग कुठं. सातही गुलाबी, सातही ओबडधोबड.

पहिल्या खोबणीत मी आधी फुंकर मारून कच काढली. कच असेल तर बरोबर दगडसुद्धा चुकीचा वाटतो. मग एकेक दगड घेऊन अंगठ्यानं त्याची मोडलेली बाजू चाचपत गेले. तिसरा दगड फिरवता फिरवता एकदम आत गेला. मी हातोड्याच्या दांड्यानं वर टिचकी मारली. आवाज भरीव आला. दगड नीट टेकला नसेल तर आवाज पोकळ येतो, हे गिरणीत कानाला माहीत झालेलं असतं.

"बसला," मी म्हटलं.

मीनलनं होकायंत्र ठेवलं, काटा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघींनी श्वास धरला, आणि तिनं गुलाबी नखपॉलिशनं बाण काढला.

दुसऱ्याला पांढऱ्या शिरेनं मदत केली, दगडातली शीर खोबणीतल्या शिरेला जाऊन मिळाली. तिसऱ्याच्या अंगावर करड्या बुरशीचा अर्धा ठिपका होता, उरलेला अर्धा खडकावर होता. देवाची कृपा, की माझ्या काथ्यालाही ती बुरशी निघाली नव्हती. अकरा वाजेपर्यंत सहा दगड बसले. एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बघत होता. बायका डोंगरातून दगड नेताना त्यानं पाहिल्या असतील, परत लावताना पहिल्यांदाच पाहत असणार. त्यानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मीनल म्हणाली, "तो विचारतोय, डोंगर पडत होता का?"

सातवा बसेना. खोबण एकच उरली होती, म्हणजे दगड तिथलाच. पण मीनलनं ओझं कमी करायला त्याच्या दोन कडा ठोकून काढल्या होत्या, त्यामुळं तो दोन-तीन तऱ्हांनी बसल्यासारखा वाटायचा. एका तऱ्हेनं तर फारच छान दिसत होता. मीनल घड्याळ बघत होती. बसला म्हणावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. टिचकी मारली. पोकळ. पुन्हा मारली. पोकळच.

"न्हाय," मी म्हटलं. "हा मला कळत न्हाय."

मीनलनं तो दगड घेतला आणि ओढ्यात सोडून दिला. "अंदाजानं खूण करायची न्हाय. नवीन एकच काढू." तिनं खोबणीशेजारच्या खडकावर आधी होकायंत्र ठेवलं, बाण काढला, आकडा घातला, आणि छिन्नी माझ्या हातात दिली. "तुमचा हात माझ्यापेक्षा हलका हाय."

डोंगराला टाकी लावायची माझी पहिलीच वेळ. फार कठीण दगड. पण वीस-बावीस घावांत तो बाणासकट सुटला, कुठं टवका न उडता. मी तो पदरात घेऊनच खाली उतरले. गाडी मिळाली, पण चिकव्वानं बांधून दिलेल्या कडक भाकरी धावपळीत स्टँडच्या बाकावर राहिल्या. उपाशीपोटी उरलेलं कर्दंट खात कोल्हापूर गाठलं. यावेळी निम्म्याचा नियम कुणी पाळला नाही.

कोल्हापूर

पंधरा दिवसांनी मीनल मला कॉलेजात घेऊन गेली. मी दाराशीच थांबले. आत तिचे सर होते, टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. तिनं मला ओढूनच आत नेलं आणि डोळा लावायला सांगितलं. काचेवरच्या चकतीत वाळूचे कण दिसले. मला वाटलं होतं ज्वारीसारखे गोल असतील. ते पोह्यांसारखे चपटे होते, आणि सगळे एका अंगाला लांबलेले, जणू सगळ्यांना एकाच हातानं दाबलं असावं.

मग सरांनी डोंगराचा नकाशा पसरला आणि एकेका चकतीचा बाण त्यावर जुळवून काड्या ठेवू लागले. कण ज्या दिशेला लांबलेत ती काडीची दिशा. एकही दगड चुकीचा बसवला असता तर त्याची काडी आडवी पडली असती. पहिली ठेवली. दुसरी ठेवली. मीनलनं माझा हात धरला होता, तिचा घाम माझ्या तळहाताला लागत होता. पाचवी ठेवली. सहावी ठेवली. सातवी, नव्या दगडाची, ठेवली. सातही काड्या एकाच बाजूला तोंड करून पडल्या होत्या, थोड्याफार इकडंतिकडं, शेतात वाऱ्यानं कणसं कलतात तशा.

सर चष्मा वर करून म्हणाले, "दगड परत खोबणीत बसवून खुणा केल्यात असं लिहिलंय तू. एवढं अचूक कुणी बसवलं?"

मीनलनं माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला. आतापर्यंत त्या खोलीत मी एक शब्दही बोलले नव्हते.

"बसवले मी," मी म्हटलं. "पण आधी धुतलेपण मीच होते. तेपण लिहून घ्या."

सर हसले नाहीत. त्यांनी पेन मीनलपुढं सरकवलं आणि मीनलनं तेही लिहिलं.